रेखाचित्र विकतचे, माप सुताराचे

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील सुतार कारागिरांसमोर केलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर आणि पेशाने माहिती अधिकारी. रंधा वा पटाशी मी कधी हाती धरलेली नाही. तेव्हा सुतारकाम आपणांस शिकविण्याचा माझा अधिकार नाही. परंतु संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कोरणारी सीएनसी यंत्रे चालवू पाहणाऱ्या नवख्या तरुणाची पहिली फसगत कोठे होते, हे मी पाहिले आहे. तेवढेच सांगतो.

इंदापूर तालुक्यातील एका लहानशा कारखान्यात देव्हाऱ्याच्या दारावर नक्षी कोरावयाची होती. मुलाने विकत आणलेले रेखाचित्र संगणकात घेतले. पडद्यावर ते सुबक दिसले. पण २४ इंचांची नक्षी २४ मिलिमीटरची झाली आणि सागवानी फळीवर अंगठ्याएवढा ओबडधोबड खड्डा तेवढा पडला. वडील इतकेच म्हणाले, "अरे, मापल्याशिवाय आपण करवत लावतो का?"

दोष यंत्राचा नव्हता. १९८२ साली ऑटोकॅडबरोबर आलेल्या डीएक्सएफ प्रकारच्या फाइलमध्ये रेषांचे आकडे असतात. ते इंचांचे की मिलिमीटरचे, याची नोंद पुष्कळदा नसते. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. एसव्हीजी प्रकारात काही प्रणाली इंचाचे ७२ भाग धरतात, तर काही ९६. त्यामुळे नक्षी पाऊणपट होऊ शकते. म्हणून फाइल आत घेताच, जिची लांबी ठाऊक आहे अशी एखादी रेषा प्रथम मोजावी.

दुसरे असे की, छायाचित्र म्हणजे रेखाचित्र नव्हे. मोबाइलवर टिपलेले चित्र ठिपक्यांचे असते. हत्याराला मात्र चालावयास रेषा हवी. ठिपक्यांवरून रेषा गिरवून घ्यावी लागते.

तिसरी गोष्ट, वेलबुट्टीची रेषा डोळ्यांस अखंड दिसली, तरी तिच्यात बारीक फट असू शकते. फट राहिली, की आत कोणते व बाहेर कोणते हे संगणकास उमगत नाही आणि मधले लाकूड काढण्याचा मार्ग आखला जात नाही. टोके जोडून घ्यावीत. एकावर एक पडलेल्या रेषा पुसाव्यात. अन्यथा हत्यार त्याच वाटेने दोनदा फिरते. नावाची पाटी कोरावयाची असेल, तर देवनागरी अक्षरे आधीच रेषांत रूपांतरित करावीत. नाहीतर दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरे मोडतात.

चौथी गोष्ट हत्याराची. ६ मिलिमीटर व्यासाचे सरळ हत्यार त्याहून अरुंद जागेत शिरत नाही, आणि आतला कोपरा ३ मिलिमीटर त्रिज्येचा गोलच सोडते. तो कोपरा काटकोनात हवा असेल, तर अखेर पटाशीच हाती घ्यावी लागते. एवढे करून पहिली चाचणी टाकाऊ फळीवर घ्यावी; सागवान नंतर.

आकड्यांनी चालणारे कातकाम-यंत्र १९५२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत दाखविले गेले. ज्या तालुक्यात वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रे घडली, त्या तालुक्यास यंत्राचे भय वाटण्याचे कारण नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत ज्या १८ पारंपरिक व्यवसायांना स्थान मिळाले, त्यांत सुतारकाम आहे. हातातील कसबाची ही दखलच होय.

बंधूंनो, रेखाचित्र बाजारात विकत मिळते. लाकडाचा रेषा-धागा ओळखणारी नजर मिळत नाही. मुलगा संगणकापुढे बसला असेल, तर वडिलांनी शेजारी बसावे, आणि मुलाने कळ दाबण्यापूर्वी त्यांना माप विचारावे. फळी वाचेल, आणि विद्याही घरातच राहील.