घराची भिंत आणि तिच्यावरचे चित्र



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही स्नेह्यांनी मला विचारले, "तुम्ही कामगारांत वावरणारे. पगार, बोनस, हजेरी सोडून भिंतीवरच्या चित्रांवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, युनियनच्या कामानिमित्त मी तीस वर्षे लोकांच्या घरी जात आलो आहे. कधी वर्गणीसाठी, कधी संपात धीर द्यायला, कधी कोणी जायबंदी झाला तर त्याची कागदपत्रे घ्यायला. पाण्याचा तांब्या येईपर्यंत समोरच्या भिंतीकडे पाहण्यावाचून पाहुण्याला दुसरे काम नसते. चित्रकलेचे शिक्षण मला नाही. शाळाही लवकर सुटली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या टेबलाशी बसून. तेव्हा जे पाहिले आणि जे वाचले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

आज फर्निचरच्या दुकानात आणि मोबाइलवरही भिंतीसाठी तयार चित्रे मिळतात. पाच तुकड्यांत कापलेला धबधबा, सात धावते पांढरे घोडे, सोनेरी पानांचे झाड. सोफ्याच्या रंगाशी जुळते की नाही एवढे पाहून ती घेतली जातात. घोड्यांशी माझे वैर नाही. पण "हे का लावले?" असे विचारले तर बहुतेक घरांतून एकच उत्तर येते, "भिंत मोकळी दिसत होती." माझे भांडण आहे ते या उत्तराशी.

आपल्या भागातल्या जुन्या मातीच्या घरांचा विचार करा. भिंती हातभर जाड. त्यांत कोनाडे, दिव्यासाठी देवळी, कपड्यांना खुंट्या. भिंत कामाची होती. चित्र यायचे ते प्रसंगाने. नागपंचमीला नाग काढायचा, श्रावणात जिवतीचा कागद लावायचा, लग्नघरी दाराशी गणपती रंगवायचा. चित्र का आले हे घरातल्या पोरालाही ठाऊक असे. ठाणे-पालघरकडच्या वारली घरांत हेच अधिक ठळकपणे दिसते. कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, गेरूने लाल करायची आणि तांदळाच्या पिठाच्या पाण्याने तीवर लग्नाचा चौक लिहायचा. हे काम सवाशिणींचे. त्यांतल्या एकीचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. पुढे ही चित्रे कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हा आनंदच आहे. पण आज तीच माणसे, तोच तारपा नाच, कपबशीवर आणि पडद्यावर कोणीही छापतो. घेणाऱ्याला चौक म्हणजे काय हेही माहीत नसते.

छापील चित्राची कथा निराळी. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत गिरगावला छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावर चित्र उतरवायचे, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवायचे, अशी ती रीत होती. राजवाड्यात लटकणारी लक्ष्मी आणि सरस्वती अशा रीतीने साध्या माणसाच्या घरात आली. तैलचित्र एकाच्याच घरी राहते, छापील चित्र हजारांच्या. त्यात आणखी एक गोष्ट घडली. देवळाच्या पायरीशी ज्यांना अडवले जात होते, त्यांच्याही भिंतीवर देव आला. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी १९३० साली सत्याग्रह करावा लागला. त्याच्या कितीतरी आधी कागदावरच्या देवाने हा विटाळ मोडला होता. छापखान्याने जे केले ते धर्ममार्तंडांना साधले नाही, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

आणि मग १४ ऑक्टोबर १९५६ आला. नागपूरला बाबासाहेबांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतर आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतून देवांच्या जुन्या तसबिरी खाली उतरल्या आणि त्याच खिळ्यांवर बुद्ध आणि बाबासाहेब आले. मंडळी, घर सजवण्याच्या पुस्तकांत ही गोष्ट सापडणार नाही. पण महाराष्ट्रातल्या भिंतींवर याहून मोठा फेरबदल झाल्याचे मला माहीत नाही. सोफ्याला जुळते का, हा प्रश्न तेथे कोणी विचारला नाही. खोलीत सोफाच नव्हता.

आता दुसरी बाजू ऐका. आमची पोरे कामासाठी मोठ्या शहरात जातात, भाड्याची खोली शोधतात. मालक आडनाव विचारतो. आडनावावरून उलगडा झाला नाही तर त्याची नजर भिंतीवर जाते. म्हणून काही घरांत बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत राहते आणि भिंतीवर धबधबा लागतो. अशी घरे मी पाहिली आहेत. त्या घरांना मी दोष देत नाही. डोक्यावर छप्पर हवे तर माणूस काय करील? दोष त्या नजरेचा आहे. पण एवढे ध्यानात घ्या की, धबधब्याचे चित्र काही घरांत हौसेने येते आणि काही घरांत भीतीने. आपल्या वाड्यात कोणी भाडेकरू येणार असेल तर त्याच्या भिंतीवर काय आहे ते पाहून आपला चेहरा बदलू नये, एवढी विनंती देऊळगावकरांना करतो.

आता व्यवहाराचे बोलू. चित्र निवडताना एक कसोटी लावा. त्याच्याबद्दल घरातल्या कोणालाही चार वाक्ये सांगता आली पाहिजेत. ते महागच असावे असे नाही. अजिंठा आपल्या जिल्ह्याच्या शेजारी आहे; पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचे चांगले छापील चित्र पुष्कळ सोनेरी झाडांहून स्वस्त पडेल. दीनानाथ दलालांनी किंवा रघुवीर मुळगावकरांनी रंगवलेले जुन्या दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ रद्दीत सापडले तर सोडू नका. कामगाराच्या घरी नारायण मेघाजी लोखंडे यांचे चित्र मी क्वचितच पाहिले. १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या खटपटीने. ज्याच्यामुळे आठवड्यातून एकदा भिंतीकडे निवांत पाहता येते, त्याला भिंतीवर जागा नको का?

दुसरे असे की, एका भिंतीवर एकच मुख्य चित्र असावे. सभेत सारेच बोलू लागले तर कोणाचेच ऐकू येत नाही. खाली तक्तपोस किंवा सोफा असेल तर चित्राची रुंदी त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश ठेवावी. पूर्वी तसबिरी आढ्यालगत उंच लावीत आणि पुढे झुकवीत, म्हणजे खालून दिसत आणि काचेवर उजेड चमकत नसे. आता उंच लावायचे कारण उरलेले नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांच्या आसपास असला की उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतो. ज्या घरात बैठक जमिनीवर आहे तेथे तो चार फुटांवर आणावा.

उन्हाची तिरीप पडते त्या भिंतीवर कागदी चित्र लावू नये, रंग उडतात. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर तर मुळीच नको. तसबिरीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले की हवा खेळते आणि बुरशी धरत नाही. चित्र आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घालायला फ्रेमवाल्याला सांगा, नाहीतर ओलीने फोटो काचेलाच चिकटतो. हे दोन उपाय थोड्या पैशांत होतात आणि चित्र पुढच्या पिढीपर्यंत टिकते.

शेवटचा मुद्दा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्या घरांत आईचा मोठा फोटो भिंतीवर केव्हा लागतो? ती गेल्यावर, हार घालून. वडिलांचा सत्काराचा फोटो असतो, मुलाचा पदवीचा असतो. जी बाई तीच भिंत आयुष्यभर सारवते, पुसते, तिला तेथे जागा मिळते ती जग सोडल्यावर. ती भिंत तिने कधी निवडलेली नसते, तिच्यावरचे चित्रही नाही. युनियनमध्ये आम्ही शिकलो की, ज्याच्या अंगावर काम पडते त्याला विचारल्याशिवाय ठराव करायचा नाही. घरालाही हा नियम लागू करा. नवे चित्र आणण्यापूर्वी घरातल्या बायकांना विचारा, पोरांना विचारा. आई हयात असताना तिचा एक चांगला फोटो, ओट्याशी काम करताना, शेतात, कशीही, मोठा करून बैठकीत लावा. पाहुणा विचारील, "या कोण?" तेव्हा उत्तर द्यायला त्या स्वतः समोर बसलेल्या असतील.