पोळी, भात, बटाटा आणि आपलं वजन

(मिल्टन कीन्स येथील मराठी मंडळींसमोर शरद ऋतूतल्या व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



२००४ सालच्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापून आलं. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच : २२.३. तक्त्यात पाहिलं तर दोघंही योग्य वजनाचे. पण खास क्ष-किरण तपासणी करून शरीरातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचं जन्माच्या वेळचं वजन कमी होतं, या दोन्ही गोष्टी लेखकांनी स्वतःच नमूद केल्या होत्या.

ही एका माणसाची गोष्ट नव्हती. याज्ञिकांच्या गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास चालवला. तिथल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी केली. साउदम्प्टनचं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, पुण्याकडचं २.७ किलोचं. आपलं बाळ सगळ्याच बाबतीत लहान भरलं, स्नायूंमध्ये तर फारच कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ शाबूत. म्हणजे दिसायला हडकुळं आणि आतून चरबीचं. हीच बाळं मोठी होऊन शिकतात, नोकरीला लागतात आणि विमानात बसून इथे येतात.

म्हणून या देशात आपल्यासाठी वेगळी रेषा आखली आहे. ‘नाइस’ या ब्रिटिश आरोग्य संस्थेने २०१३ साली सांगितलं की दक्षिण आशियाई माणसाचा बीएमआय २३ झाला की धोका वाढला असं धरा आणि २७.५ झाला की जास्त धोका धरा. गोऱ्या शेजाऱ्यासाठी हेच आकडे २५ आणि ३० आहेत. ‘मी कुठे जाड आहे?’ हा प्रश्न मला दवाखान्यात वारंवार ऐकू येतो, तेव्हा मी आधी टेप काढते. बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजलेली कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. उंची १६० सेंटीमीटर असेल तर कंबर ८०च्या आत. वजनाच्या काट्यापेक्षा मला हा टेप आपल्या माणसांसाठी जास्त खरा वाटतो.

आता ताटाकडे येऊ. कर्बोदकं म्हणजे पिष्ट, साखर आणि तंतू. पोळीतलं, भातातलं पिष्ट पोटात गेलं की त्याची साखर होते, ती रक्तात येते, आणि इन्सुलिन तिला पेशींत पोचवतं. जेवणातल्या साखरेचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. आपल्याकडे तोच कमी. स्नायूंना नको असलेली साखर यकृताकडे जाते, तिथे तिची चरबी होते, आणि वर्षानुवर्षं हे चाललं की चरबी यकृतात आणि पोटातल्या अवयवांभोवती साठते. न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर यांनी हेच उलट्या बाजूने दाखवून दिलं. त्यांनी आणि ग्लासगोचे प्रा. माइक लीन यांनी केलेल्या अभ्यासात मधुमेह होऊन फार वर्षं न झालेल्या लोकांना काही महिने अगदी मोजका आहार दिला. वर्षाअखेर त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली राहिली. वजन उतरलं, यकृतातली चरबी उतरली, तसा आजारही मागे हटला.

एखाद्या रविवारचं साधं ताट मोजून पाहा. तीन पोळ्या, प्रत्येकी साधारण ३० ग्रॅम पिठाच्या : त्यांत जवळपास ५८ ग्रॅम कर्बोदकं. एक वाटी भात, दीडशे ग्रॅम : ४० ते ४५. बटाट्याची भाजी वाटीभर : १७. आमटी : आणखी दहा-बारा. म्हणजे सव्वाशेच्या वर गेलो, गोड अजून वाढलेलंच नाही. यातला एकही पदार्थ वाईट नाही. पण पोळी, भात आणि बटाटा हे तिघंही एकच काम करायला आलेले आहेत, आणि ज्यांनी ताट भरायला हवं ती उसळ, पालेभाजी, कोशिंबीर डाव्या-उजव्या कोपऱ्यांत चमचाभर वाढलेली आहे. आज मला एवढंच सांगायचं आहे : एका जेवणात पिष्टाचा एकच मानकरी ठेवा. पोळी असेल तर भात नको, भात असेल तर पोळी नको, बटाटा असेल तर तोच त्या दिवशीचा भात समजा. आमटीची वाटी मात्र दोन करा, घट्ट करा.

आमच्याकडे भाताशिवाय जेवण पूर्ण होत नाही, असं कोकणातून आलेल्या घरांत सांगतात. मग भातच जेवा आणि पोळीला रजा द्या. सोलापूर-मराठवाड्याकडची मंडळी याच्या उलट करतील. आपल्या घराण्याची चव सोडून देऊन वजन उतरवायला मी कुणालाच सांगत नाही, कारण ते सहा महिनेसुद्धा टिकत नाही.

एकच मानकरी ठेवायचा म्हटल्यावर तो चांगल्या कुळातला हवा. इथल्या दुकानात दहा किलोची चपातीच्या पिठाची पिशवी उचलता, तिच्यावर ‘मीडियम’, ‘व्हाइट’ किंवा ‘होलमील’ लिहिलेलं असतं. आपल्यातली बरीच घरं ‘मीडियम’ घेतात, कारण पोळ्या मऊ होतात आणि रंग उजळ येतो. ती पिशवी उलटी करा. या देशात गव्हाच्या पिठात कॅल्शियम, लोह, नायसिन आणि थायमिन घालणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि त्यातून सूट आहे ती होलमील पिठाला, कारण त्याचा कोंडा-अंकुर काढलेलाच नसतो. घटकांच्या बारीक अक्षरांत कॅल्शियम कार्बोनेट आणि लोह दिसलं, तर ते पीठ पूर्ण अख्ख्या गव्हाचं नाही असं समजा. शेजारीच फायबरचा आकडा असतो. शंभर ग्रॅमला दहाच्या आसपास असेल तर अख्खा गहू, तीन-चार असेल तर तुम्ही मैद्याच्या जवळ आलात.

इंग्लंडने हे एकदा अनुभवलं आहे. युद्धात गव्हाची जहाजं वाचवायची म्हणून १९४२ साली सरकारने कोंड्यासकट पिठाचा ‘नॅशनल लोफ’ आणला. करड्या रंगाच्या त्या पावाला लोकांनी नावं ठेवली, १९५६मध्ये तो बंद झाला आणि पांढरा पाव परत आला. आपल्याकडेही तेच झालं. १९७२चा दुष्काळ पाहिलेल्या घरांत रेशनची लाल मिलो ज्वारी आजही आठवते. पुढे हातात पैसा आला तसा गहू आणि तांदूळ आला, आणि भाकरी गरिबीशी जोडली गेली. याचं मला फार वाईट वाटतं.

पण भाकरीबद्दल खरं बोलायला हवं, कारण हल्ली तिच्याविषयी भलते दावे ऐकू येतात. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी म्हणजे आपलं वैभव, तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तरी शंभर ग्रॅम ज्वारीत ६७-६८ ग्रॅम कर्बोदकं आहेतच, गव्हाच्या कणकेपेक्षा थोडी जास्तच. तिचं बळ आहे तंतूंत, शंभर ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम. पांढऱ्या तांदळात ते तीनच्याही आत असतात. शिवाय ज्वारीचं पीठ आपण चाळून पांढरं करत नाही. मात्र हातावर थापलेली एक मोठी भाकरी ६०-७० ग्रॅम पिठाची असते. भाकरी एक म्हणजे पोळ्या दोन, हा हिशोब डोक्यात असू द्या. इथे मिळणारं पीठ कधी कधी महिनोन् महिने फळीवर पडलेलं असतं, त्याची विरी गेलेली असते, भाकरी थापताना कडा फुटतात. उकळतं पाणी घालून उकड काढा, झाकून ठेवा, मग चांगली मळा, येईल. पीठ लहान पिशवीत घ्या आणि फ्रीजमध्ये ठेवा.

भाताचंही तसंच. टोरांटोचे डेव्हिड जेंकिन्स यांनी १९८१ साली ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ ही मोजणी मांडली : कोणता पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो. बासमतीत अमायलोज या प्रकारचं पिष्ट जास्त, म्हणून तो जरा सबुरीने पचतो. इंद्रायणीसारख्या मऊ, चिकट भाताची लवकर साखर होते. रात्रीचा भात थंड झाला की त्यातल्या थोड्या पिष्टाची घडण बदलते आणि ते लहान आतड्यात पचत नाही, म्हणून फोडणीच्या भाताची बाजू घ्यायला जागा आहे. फायदा लहान आहे. काळजी मात्र पूर्ण घ्यायची : भात तासाभरात गार करून फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशीच संपवायचा, एकदाच आणि वाफ येईपर्यंत गरम करायचा. ओट्यावर रात्रभर राहिलेला भात टाकून द्या. त्यात वाढणाऱ्या जंतूंचं विष गरम करूनही जात नाही.

साखरेवर मी फार वेळ घालवणार नाही, चहाचा हिशोब पुरेसा आहे. इथल्या तज्ज्ञ समितीने २०१५ साली प्रौढ माणसासाठी दिवसाला ३० ग्रॅम वरची साखर ही मर्यादा सांगितली आणि ३० ग्रॅम तंतूंचं लक्ष्य दिलं. दोन चमचे साखरेचा चहा म्हणजे ८ ग्रॅम. घरून काम करताना असे चार कप होतात. मर्यादा तिथेच ओलांडली, बिस्किटं वेगळीच. गूळ आणि मध यांची गणतीही याच ३० ग्रॅममध्ये होते. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची, दिवसात दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत जेवण्याची पद्धत इथेही कित्येकांनी धरली आहे. अधल्यामधल्या चहा-बिस्किटांना तिने चाप बसतो हा तिचा मोठा गुण मी मानते. पण ५५ मिनिटांच्या त्या जेवणात तीन पोळ्या आणि भात असेल तर वर मांडलेला हिशोब काही बदलत नाही.

तंतूंचे ३० ग्रॅम भरायला इथला बाजार उत्तम आहे. स्प्रिंग ग्रीन्सची लसूण-मिरचीवर परतलेली भाजी करून पाहा, केलची पातळ भाजी ताक-बेसन लावून होते. फ्रोझन मटारची उसळ वीस मिनिटांत होते, डब्यातले छोले-राजमा धुऊन घेतले की झालं. मुगाच्या खिचडीत निम्म्या तांदळाच्या जागी पर्ल बार्ली घाला, शिजायला वेळ लागतो म्हणून ती आधी भिजवा. ओट्स घ्यायचे तर साधे घ्या, फळांच्या चवीच्या पाकिटांत साखर असते. पाकिटावर शंभर ग्रॅमला साखर २२.५ ग्रॅमच्या वर असेल तर ती ‘जास्त’ आणि तंतू सहा ग्रॅम असतील तर ते ‘भरपूर’, एवढे दोन आकडे पाठ करा.

जेवल्यावर चालायला या शहरासारखी सोय फार थोड्या ठिकाणी आहे. १९६७मध्ये नव्याने वसवायला घेतलेलं हे गाव मोटारींसाठी चौकोनात आखलं, आणि त्याच्या पोटातून गाड्यांपासून वेगळे, लाल रंगाचे रेडवे काढले, दोनशे मैलांहून अधिक. आपण मात्र दुकानात, शाळेत, मंडळाच्या कार्यक्रमाला गाडीनेच जातो. जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं चाललं की मघाशी सांगितलेला तो गिऱ्हाईक, स्नायू, रक्तातली साखर उचलायला लागतो. फर्झ्टन किंवा विलन तळ्याकाठी रात्रीचा उजेड पुरत नसेल तर दुपारच्या जेवणानंतर जा.

नवरात्र जवळ आलं आहे, म्हणून उपासाबद्दल. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचं निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, तंतू एक ग्रॅमसुद्धा नाहीत. त्यात बटाटा पडतो, वर साजूक तूप. श्रद्धेला धक्का न लावता हे बदलता येतं. राजगिऱ्याची भाकरी, लाल भोपळ्याची भाजी, दाण्याची आमटी, काकडीची दही घातलेली कोशिंबीर, सगळं उपासाचंच आहे. खिचडी एखाद्या दिवशी करा, साबुदाणा निम्मा आणि दाण्याचं कूट दुप्पट घ्या.

ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिक्लाझाइडसारखी गोळी चालू आहे, त्यांनी ताटातला भात-पोळी आपल्या मनाने एकदम कमी करू नये, साखर घसरून चक्कर येते. ‘फ्लोझिन’ने शेवट होणाऱ्या गोळ्या, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी तर कर्बोदकं फार तोडू नयेत आणि लंघनही करू नये, त्यांच्या रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. ज्यांना मधुमेह नाही अशा चाळिशी ओलांडलेल्यांना ७४ वर्षांपर्यंत दर पाच वर्षांनी मोफत एनएचएस हेल्थ चेक मिळतो. तो अजून केला नसेल तर जीपीकडे नाव द्या. रक्तातल्या साखरेच्या एचबीएवनसी या तपासणीचा आकडा इथे ४२ ते ४७ आला तर मधुमेहाची पूर्वपायरी, ४८ आणि पुढे मधुमेह. आई-बाबांचा पुण्याचा रिपोर्ट टक्क्यांत असतो, तिथल्या ६.५ला इथे ४८ म्हणतात. ते सध्या तुमच्याकडे राहायला आले असतील आणि नऊ दिवसांचा उपास धरणार असतील, तर घट बसण्याच्या आधी त्यांच्या गोळ्यांची यादी फार्मसिस्टला दाखवून या.