आकाशातून येणारी वेळ : स्वागताध्यक्षीय भाषण



दिशादर्शक उपग्रहांच्या संकेतांवरून अचूक वेळ मिळवणे आणि दूरदूरची घड्याळे परस्परांशी जुळवणे या विषयावरील परिषदेसाठी अंबरनाथला आलेल्या सर्वांचे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांच्या वतीने स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करीत आहे. येथील शिवमंदिराच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ कोरलेला आहे, आणि येथील असंख्य कुटुंबांचा दिवस आज लोकलच्या वेळापत्रकावर बेतलेला असतो.

सर्वांची वेळ एकच असावी ही कल्पना मात्र या भागात फार जुनी नाही. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यानंतरही तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई टाइम’ शहराने अनेक दशके सोडली नव्हती. आज जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत, जिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत, स्पंदताऱ्यांचे, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांचे, स्पंद कोणत्या क्षणी पोहोचले याची नोंद उपग्रहीय वेळेशी बांधावी लागते; कारण तसे न केल्यास वर्षानुवर्षांच्या नोंदींत ताऱ्याचे वर्तन कोणते आणि घड्याळाची घसरण कोणती, हे वेगळे काढता येत नाही.

ग्राहकयंत्राला आपल्या स्थानाचे तीन निर्देशांक आणि आपल्याच घड्याळाची चूक अशा चार अज्ञात राशी शोधायच्या असल्याने त्याला किमान चार उपग्रह लागतात. पण गच्चीवर पक्क्या बसवलेल्या अँटेनाचे स्थान आधीच ठाऊक असले, तर वेळेपुरता एक उपग्रहही पुरतो. या विद्येचे खरे सौंदर्य त्यानंतरच्या जोडणीत आहे. क्वार्ट्‌झ स्फटिकाचे घड्याळ क्षणोक्षणी स्थिर असते, परंतु दिवसागणिक हळूहळू सरकते. उपग्रहाचा संकेत वातावरणातून येताना क्षणोक्षणी थरथरतो, परंतु दीर्घकाळात भरकटत नाही. म्हणून स्फटिकाला उपग्रहाच्या दर सेकंदाच्या ठोक्याशी सावकाश जुळवत नेले की दोघांचे गुण एकत्र येतात.

हा संकेत अत्यंत क्षीण असतो आणि तो दडपता येतो, त्यामुळे त्याच्यावर एकट्यावर विसंबणे धोक्याचे आहे. शिवाय उपग्रहावरचे घड्याळही बिघडू शकते: ‘नाविक’ या भारताच्या दिशादर्शक उपग्रह प्रणालीच्या पहिल्या उपग्रहावरील परदेशी अणुघड्याळे बंद पडली होती. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या याच प्रणालीच्या एनव्हीएस-०१ उपग्रहावर प्रथमच भारतीय बनावटीचे रुबिडियम घड्याळ गेले, आणि या घटनेचे महत्त्व कितीही सांगितले तरी थोडेच आहे. संकेत तुटल्यावर जमिनीवरचे घड्याळ किती तास विश्वासार्ह राहते, हा प्रश्न अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील उद्योजकांनी अभ्यासकांपुढे मोकळेपणाने मांडावा, अशी स्वागत समितीची विनंती आहे.