गंगाजळी पडून का ठेवावी?



डिसेंबर २०२२ मध्ये, ऐन नाताळात, अमेरिकेवर हिमवादळ आले. सर्वच कंपन्यांची विमाने खोळंबली. परंतु इतर लवकर सावरल्या, साउथवेस्ट कंपनीचा कारभार मात्र कोसळला. नाताळाच्या त्या दिवसांत तिची १६,००० हून अधिक उड्डाणे रद्द झाली; सुमारे २० लाख प्रवासी अडकले. असे का व्हावे?

तिची विमाने एका गावाहून दुसऱ्या, तेथून तिसऱ्या गावी अशी साखळीने जातात. एक कडी तुटली, की पुढे विमान असते तर वैमानिक नसतो. ही जुळणी करणारी संगणकव्यवस्था एवढ्या फेरबदलांपुढे थकली. कोण कोठे आहे हेच कंपनीस कळेना. कर्मचारी तासन् तास टेलिफोन धरून बसले. अखेर काही दिवस एक-तृतीयांशच उड्डाणे ठेवून तिने माणसे व विमाने जागच्या जागी आणली, तेव्हा ३० डिसेंबरला घडी बसली. वैमानिकांच्या संघटनेने ह्या उणिवांविषयी आधीच बजावले होते! पुढे २०२३ मध्ये सरकारने १४ कोटी डॉलरचा दंड केला.

आपली गंगाजळी पडून का, वाटून टाका, असे काही सभासद म्हणतात. त्यांचा हेतू चांगलाच आहे. पण २०२० च्या टाळेबंदीत वर्गण्या आटल्या, तरी आपल्या एकाही विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती थांबली नाही, ती ह्याच पैशामुळे. उलट, आपले सारे हिशेब एकट्या चिटणीसांनाच ठाऊक आहेत. ते आजारी पडले तर? त्यांच्या हाताखाली आजच दोन तरुण द्यावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.