मुंबई–कराची : अंतर आणि वेळ



मुंबईहून विमानाने दिल्ली सुमारे साडेअकराशे किलोमीटर आहे आणि कराची नऊशेच्याही आत. म्हणजे आपल्या राजधानीपेक्षा कराची आपल्याला जवळची. आजच्या जेट विमानाला हे अंतर कापायला दीड-पावणेदोन तास पुरतात. पाकिस्तानचे घड्याळ आपल्यामागे अर्धा तास असल्याने दुपारी बाराला निघालेला माणूस तिथल्या एकच्या सुमारास उतरेल. पण असे थेट विमान आज नाही.

याच मार्गावर 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले. विमान होते एका इंजिनाचे पुस मॉथ. वाटेत अहमदाबादला उतरले, तिथे बैलगाडीतून आणलेले इंधनाचे डबे टाकीत रिकामे केले आणि दुपारी जुहूला पोहोचले. सगळा प्रवास सुमारे सात तासांचा. भारतीय विमानवाहतुकीचा आरंभ आपण इथून मानतो. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता, 1936 मध्ये तो वेगळा झाला. टपाल, व्यापारी, शिक्षक, सरकारी नोकर यांची ये-जा एकाच कारभाराखालची होती. नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाची शाळा कराचीत अजून आहे. 1982 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, जे. आर. डी. जुन्या लेपर्ड मॉथमधून कराचीहून पुन्हा जुहूला आले. फाळणी होऊन गेली होती, दोन मोठी युद्धेही झाली होती, तरी त्या विमानाला वाट मिळाली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पाकिस्तानच्या सरकारी विमान कंपनीची कराची–मुंबई फेरी मे 2017 मध्ये थांबली. 2019 मध्ये बालाकोटवरच्या भारतीय हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने काही महिने आकाश बंद ठेवले. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना हद्द बंद केली. व्हिसा हातात असला तरी दुबईसारख्या तिसऱ्या ठिकाणावरूनच जावे लागते. दुबईमार्गे म्हणजे अरबी समुद्रावरून सुमारे एकोणीसशे किलोमीटर पश्चिमेला जायचे, विमान बदलायचे आणि बाराशेच्या आसपास पूर्वेला परत यायचे. उड्डाणाचेच पाच तास होतात. मधला मुक्काम धरला तर बैलगाडीतल्या डब्यांवर उडालेल्या पुस मॉथपेक्षा आपण हळू पोहोचतो.

दहशतवादाचे गांभीर्य मी कमी लेखत नाही. निरपराध माणसे मारली गेल्यावर सरकारने कठोर व्हावे, हे मलाही मान्य आहे. पण मुंबईजवळचे उल्हासनगर हे शहरच मुळात फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिले. कराचीत ज्यांचा जन्म झाला, त्यांतली बरीच माणसे आता नव्वदीकडे झुकली आहेत. जन्मगाव एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढीच त्यांची इच्छा. वृद्धांसाठी आणि आजाऱ्यांसाठी, कसून तपासणी करून का होईना, महिन्यातून एक थेट विमान सुरू व्हावे, अशी मागणी आपण दोन्ही सरकारांकडे करायला हवी. इंधन, धावपट्टी, वैमानिक, सगळे तयार आहे. फक्त दोन सह्या हव्या आहेत.