वाण, नक्षी आणि रंग : जपानी भाषेतील प्रकारवाचक शब्द



शहापूर हे विणकरांचे गाव. सांगली संस्थानच्या काळापासून येथील साड्यांचा लौकिक आहे. अशा गावात साडी घ्यावयास आलेली बाई 'दुसऱ्या प्रकारची दाखवा' एवढ्यावर थांबत नाही. काठ, पदर, पोत, रंग अशी तिची चौकशी चालते. ह्याच गावचा एखादा तरुण जपानी शिकावयास पुण्यास जातो, तेव्हा मात्र इंग्रजी कोशातील 'टाइप' ह्या एका शब्दावर विसंबून तो पाचसहा निराळे जपानी शब्द पाठ करतो आणि ऐन परीक्षेत गोंधळतो. वास्तविक येथे त्याला घरची मराठी अधिक उपयोगी पडावी.

सर्वसाधारण प्रकाराला जपानीत 'शुरुई' म्हणतात. तीन प्रकार म्हणजे 'सान्‌शुरुई'. ह्यातील 'शु' ह्या चिन्हाचा दुसरा उच्चार 'ताने', म्हणजे बी. पिकाच्या वाणाला 'हिन्‌शु' म्हणतात, त्यातही हेच बी आहे. कोशिहिकारी हा तिकडचा नामांकित भात, जसा बेळगाव परिसरात बासमती. रक्तगटाला मात्र बी चालत नाही. तेथे 'काता', म्हणजे साचा, हा शब्द लागतो आणि समासात त्याचे 'गाता' होते : 'ए-गाता', 'ओ-गाता'. पुष्परचनेच्या परंपरेला 'र्‍यू', म्हणजे प्रवाह. गायकीच्या बाबतीत मराठी माणूस घराणे म्हणतो. त्याला घर आठवते, जपान्याला नदी!

विणकराच्या मुलाला सर्वांत जवळचा वाटावा असा शब्द म्हणजे 'गारा'. कापडावरील नक्षी ती गारा. परंतु 'हितो' म्हणजे माणूस, आणि 'हितोगारा' म्हणजे माणसाचा स्वभाव. 'इएगारा' म्हणजे कुळाची प्रतिष्ठा. कापड पारखणाऱ्या डोळ्यांनीच माणूस पारखलेला दिसतो.

'इरो' म्हणजे रंग. तो दोनदा उच्चारला की 'इरोइरो', म्हणजे नाना प्रकारचे. मराठी 'वाण' तरी निराळा कोठे आहे? तो 'वर्ण' शब्दापासून आला. पवळ्याला ढवळ्याचा वाण लागला नाही, गुण लागला, ह्या म्हणीत वाण म्हणजे रंग. बियाण्याच्या दुकानात वाण म्हणजे जात. 'जूनिन् तोइरो', दहा माणसे दहा रंग, ह्या जपानी म्हणीला 'व्यक्ति तितक्या प्रकृति' हा पर्याय कोशावाचून सुचतो.

हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली, तसे गिऱ्हाइकांच्या तोंडचे जुने शब्दही विरळ झाले. पुढच्या विद्यार्थ्याच्या वहीत 'गारा'समोर 'डिझाइन' एवढेच लिहिलेले आढळण्याचा संभव आहे.