देवाचा दरबार : एका मंडळीची ओळख

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आपण स्वतःला ‘मंडळ’ म्हणवतो; मराठी ख्रिस्ती समाज आपल्या उपासकांच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतो. फरक एका वेलांटीचा. पण आत कोणास घ्यावे, या प्रश्नाने मंडळीला जितके छळले तितके आपल्याला कधी छळले नाही. आपल्याकडे वर्गणी भरली की काम भागते. आज ज्या मंडळीविषयी आम्ही बोलणार आहोत, तिने हा प्रश्न मोठ्या धाडसाने सोडवू पाहिला. ती मंडळी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी साताऱ्यास १९१७ साली स्थापिलेला ‘देवाचा दरबार’.

टिळकांचे चरित्र आपणांपैकी बहुतेकांना लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तून ठाऊक आहे. १८६१ साली कोकणातील करजगावी जन्म, आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या गृहस्थाने हाती दिलेला ‘नवा करार’, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा. पुढे सुमारे पाच वर्षे पतिपत्नींची ताटातूट; १९०० साली लक्ष्मीबाईही त्या पंथास गेल्या. इतके आपण वाचतो, हसतो, डोळे पुसतो आणि पुस्तक मिटतो. शेवटच्या दोन वर्षांतील टिळकांकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही.

धर्मांतरानंतर टिळक अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले. पण मन रमेना. ख्रिस्त पूर्वेकडचा आणि त्याची मंडळी मात्र पाश्चात्य वळणाची, ही विसंगती त्यांना सलत होती. आपण ख्रिस्तापाशी आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते सांगत. मग त्या तीरावर पोहोचल्यावर पूल मोडून टाकण्याचे प्रयोजन काय? त्यांनी शेकडो पदे आणि अभंग रचले. नाव बदलले नाही, आडनाव बदलले नाही. अखेरीस मिशनची नोकरी व वेतन सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्यास घेतला आणि दरबार मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून सारखीच बैठक होती. ज्याच्या धर्मांतराने स्वतःचे घर मोडले होते, त्याने हे करावे, यातच त्याचे मोल आहे. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत निवर्तले आणि त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही.

तो प्रयत्न विरून गेला, असे मात्र म्हणवत नाही. आपल्या याच बेंगळुरूत, मिलर्स रोडवरील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात, काय बागो नावाचे डॅनिश अध्यापक १९६० च्या दशकात चर्चचा इतिहास शिकवीत. देशी ख्रिस्ती परंपरेच्या अग्रदूतांवरील त्यांचा ग्रंथ १९६९ साली निघाला. हिंदूने ख्रिस्ताचे होण्यासाठी आपला समाज सोडलाच पाहिजे काय, हा टिळकांच्या दरबाराचा प्रश्न बागोंनी पुन्हा ऐरणीवर घेतला, आणि त्यावर धर्मपंडितांत पुष्कळ वाद माजला.

या उदारपणाला एक दुसरी बाजू आहे व ती सरकारी कागदांत आयुष्य गेलेल्या माणसाला अधिक दिसते. नगर जिल्ह्यातील मंडळीत बहुसंख्य लोक महार-मांग समाजांतून आलेले. त्यांच्या दृष्टीने बाप्तिस्मा हा केवळ विधी नव्हता; गावकुसाबाहेरच्या माणसाने ताठ मानेने उभे राहण्याचा तो क्षण होता. ब्राह्मण कवीला त्या पाण्यावाचूनही दरबारात माणसे बसविता येतात, कारण त्याची मान आधीपासूनच ताठ असते. आणि त्या पाण्याची किंमतही चुकती करावी लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या. ख्रिस्ती झालेले बाहेरच राहिले. बाप्तिस्मा महत्त्वाचा नाही, असे ज्याने त्यासाठी काही गमावलेले नाही त्याने म्हणणे सोपे आहे. टिळकांनी स्वतः पुष्कळ गमावले होते, म्हणून त्यांच्या तोंडी ते शोभते. आमच्या तोंडी शोभेल की नाही, याची आम्हांस शंका आहे.

ही शंका उगाच नाही. आमच्या कार्यालयात एक सहकारी होते, नगरकडचे. नाव अस्सल मराठी, बोलणे आमच्याहून शुद्ध. एका डिसेंबरात त्यांनी नाताळची रजा मागितली, तेव्हा आम्ही नकळत बोलून गेलो, ‘‘अहो, पण तुम्ही तर मराठी!’’ ते हसले. म्हणाले, ‘‘साहेब, गेल्या चार पिढ्या ख्रिस्ती आहोत, मराठी तर त्याच्याही आधीपासून.’’ त्यांची रजा आम्ही मंजूर केली. आमचे ते वाक्य मात्र अजून मनातून जात नाही. ते या शहरात सतरा वर्षे होते. तेवढ्या काळात आपल्या मंडळाच्या एकाही कार्यक्रमाला आम्ही त्यांना बोलाविले नव्हते. कोणी मज्जाव केला होता असेही नाही; आम्हांला सुचलेच नाही.

त्यानंतर आलेल्या कार्तिकातल्या भजनाला ते आईंना घेऊन आले. थोरल्या बाई, डोक्यावर पदर, हातात टाळ. चार अभंग झाल्यावर कोणीतरी त्यांना आग्रह केला. त्यांनी टिळकांचे एक पद धरले. पेटीवाल्यांनी पहिल्याच ओळीला सूर पकडला. चाल त्यांच्या ओळखीची होती, शब्द तेवढे नवे होते. दुसऱ्या कडव्यापासून बायकांनी धृपद उचलले.